शेऱ्यासह मान्य

हसुरामकाका घरतांनी उभ्या आयुष्यात 'मला मान्य आहे' हे बटण दाबलं नव्हतं. कुठल्याच कंपनीचं नाही, कुठल्याच सरकारी पोर्टलचं नाही. तुम्ही-आम्ही जिथे अंगठा आपटून पुढे जातो, तिथे काका थांबायचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, ओठ हलवत, त्या भयंकर भाषांतरित मराठीतल्या अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. मग ज्याचा मोबाइल त्याला परत देत म्हणायचे, "तसा ठीक हाय. पन शेरा मारायला जागा कुटं हाय?"

हा शेरा त्यांच्या रक्तात होता. घराणं मिठागरातलं, उरण तालुक्यातलं. न्हावा शेव्याचं बंदर झालं तेव्हा काका तिथल्या एका कंटेनर यार्डात टॅली क्लार्क म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत गेटवर उभे राहिले. आत येणाऱ्या प्रत्येक डब्याभोवती फेरी मारायची, काय चेपलंय, काय गंजलंय, सील शाबूत आहे का ते बघायचं, शेरा लिहायचा आणि मगच सही करायची. बंद डब्याच्या कागदावर मालाच्या नावाआधी जहाजवाले 'सेड टु कंटेन' असं लिहितात. म्हणजे आत अमुक माल असल्याचं सांगतात, आम्ही काही पाहिलेला नाही. काकांना हे तीन शब्द फार आवडायचे. पुढाऱ्याचं भाषण झालं की "सेड टु कंटेन." नव्या जावयाची ओळख करून दिली की "सेड टु कंटेन."

शेऱ्याशिवाय त्यांनी कशावरच सही केली नाही. देवळाच्या वर्गणीच्या पावतीवर त्यांनी 'मागील वर्षी प्रसादात साखर कमी' असं लिहिलं होतं. सुगंधाकाकूंना बघायला गेले, तेव्हा मुलगी पसंत आहे का विचारल्यावर म्हणाले, "पसंत हाय, पन आवाज मोटा हाय." त्यावर आतल्या खोलीतून तोच आवाज आला, "माजा बी शेरा लिवा. नाक मोटा हाय." लग्न दोन्ही शेऱ्यांसह पार पडलं.

माझ्याशी त्यांचा संबंध शेजाराचा. मी हायस्कूलला चित्रकला शिकवतो. मला कशाबद्दलही ठाम मत नाही आणि त्यामुळे माझं बरं चाललं होतं. एका संध्याकाळी काका चहाला आले आणि माझ्या मोबाइलवर मराठी माणसांचा एक चर्चागट उघडा दिसला. कंपन्या, सॉफ्टवेअर, सरकारी धोरण अशा विषयांवर तिथे रोज डोकी फुटायची. मी नुसता वाचायचो.

"मास्तर, हिकडं शिरताना अटी वाचल्यास?"

"नाही हो. कोण वाचतं?"

"मंग दाबलास कसा?"

"सगळे दाबतात."

काकांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "म्हंजे तू तर बुडालेलाच हायस. दे हिकडं."

त्या दिवसापासून काका माझ्या नावाने भांडू लागले. त्यांनी स्वतः कशाला होकार दिलेला नव्हता, म्हणून त्यांचा आत्मा स्वच्छ. मी सगळ्याला होकार देऊन बसलेलो, म्हणून माझं नाव वापरायला हरकत नाही, असा तो हिशेब होता. मी हो-नाही म्हणेपर्यंत पहिला प्रतिसाद गेला होता.

बोलताना काका ठसक्यात आगरी बोलायचे, पण लिहायला बसले की यार्डातल्या परिपत्रकांची भाषा त्यांच्या अंगात यायची. "विषयांकित प्रकरणी कळविण्यात येते की, आपला कालचा मुद्दा उघडून पाहिला असता आत माल आढळून आला नाही." किंवा, "उपरोक्त संदर्भी आपण मूर्ख असल्याचे निदर्शनास येत आहे. तरी खुलासा करावा." खाली माझं नाव, ठाकूर, आणि माझा हसरा फोटो.

बाजू अशी त्यांना नव्हतीच. सरकारने स्वतःचं ॲप काढलं की काका म्हणायचे, डबा उघडून दाखवा. खासगी कंपनीने काढलं तरी तेच. लोकांची माहिती परदेशात ठेवायची की देशात, यावर आठवडाभर रण माजलं तेव्हा काकांनी दोन्ही पक्षांना गोदामाचा पत्ता मागितला. माहिती 'क्लाउड'मध्ये असते, तिला तसा एक पत्ता नसतो, असं लोकांनी परोपरीने सांगितलं. सगळा गट त्यांना, म्हणजे मला, हसला. "पत्ता नाय असा गोदाम कदी असतं का?" एवढंच ते मला म्हणाले आणि टाइप करत राहिले. चूक कबूल करायलाही त्यांच्याकडे जागा नव्हती.

सगळ्यात कडवा विरोधक 'सुज्ञ सोलापूरकर' या नावाने लिहायचा. "ठाकूर, तुमच्यासारख्यांमुळे हा देश मागे आहे," हे त्याचं नेहमीचं सुरुवातीचं वाक्य. काका त्याची वाट बघायचे. एखाद्या संध्याकाळी तो आला नाही की चहा अर्धा टाकायचे. "सोलापूरवाल्याला बरा नसंल काय रं?"

भोगायचं मी. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, "ठाकूर सर, डिजिटल धोरणावर तुमचा एवढा राग का?" मी म्हटलं, मी चित्रकला शिकवतो. "मग चित्रं काढा ना!" पेणला एका लग्नात, माझ्या हातात जिलेबी असताना, एका अनोळखी गृहस्थाने माझी कॉलर धरली आणि सॉफ्टवेअर सर्वांना खुलं असावं की नसावं हे आत्ता सांगा म्हणाला. माझा मेहुणा नवी मुंबईत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो माझ्याशी बोलेनासा झाला. हे मी काकांना सांगितलं तर म्हणाले, "तू कशाला मनावर घेतंस? तू थोडाच लिवलास?"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण काकांची एकुलती एक मुलगी रंजू लग्न होऊन कॅनडात गेली होती आणि तिला मुलगी झाली. ओवी. नातीला बघायचं तर व्हिडिओ कॉलचं ॲप हवं, आणि ॲप हवं तर 'मला मान्य आहे' दाबायला हवं.

काकांनी अटी वाचल्या. एका अटीपाशी अडले. 'आम्ही या अटी केव्हाही बदलू शकतो.'

"गेटवर सही झाल्यावर कागद बदलायचा? यार्डात मी असा केला असता तर मना आत टाकला असता. बाकी सगला मान्य. हा येक शेरा मारू द्या, आत्ता दाबतंय."

त्यांनी माझ्या मोबाइलवरून कंपनीला लिहिलं. लगेच उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' काका हरखले. "नरमलेत." पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. हे यंत्र आपोआप पाठवतं, असं मी सांगून पाहिलं, पण काकांना तो कोणी गरीब कारकून वाटत होता. "पोऱ्या चांगला हाय रं. त्याचा सायेब कडक हाय." पुढे पुढे ते त्याची खुशालीही विचारू लागले.

माझ्या मोबाइलवरून नातीला बघा, असं मी कितीदा म्हटलं. त्यावर काका प्रथमच चिडले. "भांडान तुज्या नावान चालंल. नात नाय चालायची. नात माज्या नावान."

काकू शहाण्या. त्या दर रविवारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या बायकोच्या मोबाइलवर लेकीला आणि नातीला बघायच्या. काका सोबत यायचे, पण आत नाही. ओटीवर, दाराकडे पाठ करून बसायचे. आतून ओवीचं बोबडं बोलणं ऐकू यायचं. मी ओटीवर त्यांच्यासमोर असायचो. ती हसली की काकांचा चेहरा जो काही व्हायचा, तो मी बघितलाय. मला त्यांचा भयंकर राग यायचा. ओवी "आबा कुठे?" म्हणाली की काकू मोबाइल दाराकडे फिरवायच्या. तिला दिसायची बनियनमधली एक पाठ.

असं करता करता ओवी चित्रं काढण्याएवढी मोठी झाली. रंजूने तिच्या चित्राचा फोटो मला पाठवला. 'मास्तर, तुमी चित्रवाले ना? बाबांना दाखवा.' खाली फोड करून लिहिलं होतं : आई, बाबा, आजी, आबा. मी काकांना दाखवला. तिघांना डोळे होते, नाक होतं, हसू होतं. चौथा एक उभा चौकोन, त्याला दोन हात आणि मधे एक ठिपका. बनियनला भोक होतं, तेही पोरीने सोडलं नव्हतं.

"ह्यो कोन?"

"तुम्ही."

काकांनी मोबाइल दूर धरला, जवळ धरला. सवयीने चित्राभोवती नजरेची एक फेरी मारली. आणि सवयीनेच शेरा निघाला, "तोंड नाय."

मग मोबाइल माझ्या हातात परत दिला. त्या दिवशी भांडायलाही त्यांनी तो मागितला नाही. सोलापूरकर दोनदा डिवचून गेला.

पुढच्या रविवारी सकाळी काकांनी मला घरी बोलावलं. उरणहून नवा मोबाइल आणला होता. सगळी तयारी झाली होती, फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. पडद्याच्या खालच्या भागावर डिंकाने एक चिठ्ठी घट्ट चिकटवलेली : 'अटी केव्हाही बदलण्याबाबतची अट अमान्य. उर्वरित अटी शेऱ्यासह मान्य. हसुराम घरत.' खाली साक्षीदारांच्या सह्यांना जागा. एक सही माझी. दुसरीसाठी दारावर आलेल्या हिराबाई मासळीवालीला त्यांनी हाक मारली. ती टोपली उतरवून म्हणाली, "बोंबील घेनार का नाय, ते आदी सांगा." काकांनी बोंबील घेतले, तिने अंगठा उठवला, आणि मासळीच्या वासात काकांनी आयुष्यात पहिल्यांदा 'मला मान्य आहे' दाबलं.

कॉल लागला. पडद्यावर एक लहान कपाळ आणि दोन डोळे आले. त्याखाली अट अमान्य असल्याची चिठ्ठी.

काका बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, तोंड दिसत नाय."

"मंग शेरा काडा तो!" काकू ओरडल्या. लग्नाआधी नोंद झालेला आवाज तो हाच.

काकांनी नखाने चिठ्ठी खरवडायला घेतली. डिंक पक्का होता, कागद तुकड्या-तुकड्याने निघाला. आधी नाक आलं, मग गाल, मग दुधाचे दात. काका रडत होते आणि खरवडत होते. पलीकडे ओवीने हा चष्म्यातला, रडणारा, अनोळखी म्हातारा बघितला आणि भोकाड पसरलं.

"बाबा, ती घाबरली. तुमाला तोंडान वलखत नाय ती," रंजू म्हणाली. तिचाही आवाज धड नव्हता.

काकांना काय सुचलं कोण जाणे. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला, सदरा काढला आणि आमच्याकडे पाठ करून जमिनीवर बसले. रडणं थांबलं. मोबाइलमधून आवाज आला, "आबा!" काका तसेच बसून राहिले. मग मान थोडीशी वळवली, पुन्हा फिरवली. पुन्हा वळवली. ओवी खिदळायला लागली. तिला आजोबांचं तोंड असं थोडं थोडं करून मिळालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका चहाला हजर, हात पुढे. मी म्हटलं, "आता तुमचा मोबाइल आहे ना? तिथून भांडा."

"नको. त्याच्यात नात हाय."

गेल्या नवरात्राच्या आधी काका गेले. झोपेतच. मला वाटलं, गटाला कळवायला हवं. त्यांच्याच भाषेत लिहिलं : 'कळविण्यात येते की, या खात्यावरून लिहिणारे गृहस्थ आज पहाटे निवर्तले. कृपया नोंद घ्यावी.' भाषा सरकारी असली की कोणी नीट वाचत नाही, हे मी विसरलो. तासाभरात माझ्या हसऱ्या फोटोला हार चढला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांत्वनासाठी घरी फोन केला. तो मी उचलल्यावर त्याने किंचाळून ठेवून दिला. मेहुणा पांढरा शर्ट घालून आला, आणि मला दारात बघून रडला. अबोला तेवढा सुटला.

काकांच्या दिवसांना रंजू ओवीला घेऊन आली. एका दुपारी आमच्या ओटीवर बसून रंजू माझ्या मोबाइलवर गटातला तो सगळा शोक वाचत होती. सगळ्यात खाली सोलापूरकर होता. 'ठाकूर सरांना भावपूर्ण श्रद्धांजली. असा विरोधक पुन्हा होणे नाही. मात्र सरकारी ॲपबाबतचे त्यांचे मत शेवटपर्यंत चुकीचेच होते, हे नमूद करतो.'

रंजू आल्यापासून पहिल्यांदा हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "बाबा, बगा. तुमच्यावर बी शेरा मारला!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, याला सोडायचा नाय."

ती सांगत गेली आणि मी, मयत, लिहीत गेलो. 'विषयांकित प्रकरणी आपली श्रद्धांजली शेऱ्यासह प्राप्त झाली. श्रद्धांजली मान्य. शेरा अमान्य.'

पलीकडून लगेच उत्तर आलं. नेहमीचं देश मागे असल्याचं वाक्य त्यात नव्हतं. एवढंच होतं, 'अहो, कुठे होतात इतके दिवस?'

मी मोबाइल रंजूपुढे धरला. तिने तो परत माझ्याकडे सरकवला. याला काय लिहायचं ते काकांना सुचलं असतं.