ग्रहणात कापलेला पेरू

गेल्या मंगळवारी गार्गीचा एमआरआय दाखवायला गाझियाबादहून दिल्लीला गेलो होतो... मी, मुलगा अमोल आणि सून श्रद्धा. गार्गी माझी नात, आठ महिन्यांची. अजून मान धरत नाही आणि दिवसातून कितीदा तरी झटके येतात. जाताना मेट्रोतही आला एक. बायकांनी उठून जागा दिली, पण बघत राहिल्या...

डॉक्टर मॅडमनी फिल्म लावली. मी मॅट्रिक झालेली बाई, मला त्यातलं काय कळणार? पण त्यांनी हिंदीत, सावकाश सांगितलं.

मेंदूच्या पेशी तयार होतात आत, मध्यभागी. आईच्या पोटात असतानाच त्यांना तिथून बाहेरच्या थरापर्यंत जायचं असतं. कुठे जायचं, कुठे थांबायचं, हा निरोप त्यांना काही प्रोटीन देतात. आपण डाळीतलं प्रोटीन म्हणतो ते नव्हे... हे शरीर स्वतःच बनवतं. गार्गीच्या शरीरात त्यातलं एक नीट बनलंच नाही. पेशी निघाल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या. म्हणून जिथे वळ्या हव्यात तिथे तिचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत आहे.

अमोलने विचारलं, "अब नहीं पहुँच सकते?"

मॅडम म्हणाल्या, "नहीं. वो समय निकल गया. झटके कम करने की कोशिश करेंगे."

श्रद्धा एकदम म्हणाली, "मॅडम, सातवें महीने में मैंने ग्रहण में अमरूद काटा था."

मला तर विसरच पडला होता. सातव्या महिन्यात डोहाळेजेवणासाठी माझ्या थोरल्या नणंदबाई नागपूरहून आल्या होत्या. श्रद्धा ऑफिसातून भुकेली आली, पेरू कापायला घेतला आणि वन्सं ओरडल्या, "अगं सुरी ठेव, ग्रहण लागलंय!" तेवढंच... पोरीने तेव्हापासून मनात धरून ठेवलं होतं.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नहीं बेटा. ये गड़बड़ शुरू से जीन में थी. ग्रहण से बहुत पहले वो सेल रुक चुके थे." श्रद्धाने मान हलवली. पण पटलेलं दिसलं नाही.

घरी आलो तर वन्सं हजर. शुक्रवारी ग्रहणदोषाची शांत करायची, सगळं त्यांनी ठरवूनच आणलेलं. पूजेला मी कशी नाही म्हणू? माझा सोमवार, एकादशी कधी चुकत नाही.

शुक्रवारी अमोल आणि श्रद्धा पाटावर बसले. अमोलने पळीभर पाणी हातात घेतलं, श्रद्धाने त्याच्या हाताला हात लावला. गुरुजी संकल्प सांगू लागले... गर्भिणीकडून ग्रहणकाळी घडलेल्या दोषाच्या निवारणासाठी... आणि श्रद्धाची मान खाली खाली जायला लागली.

मी म्हटलं, "गुरुजी, थांबा जरा. दोषाचं काही म्हणू नका. बाळाच्या आरोग्यासाठी एवढंच म्हणा."

वन्सं म्हणाल्या, "का गं सुमन? एकदा दिल्लीला जाऊन डॉक्टरीण झालीस होय?"

"डॉक्टरीण नाही झाले वन्सं. पण जे पाप तिने केलंच नाही, त्याची माफी माझ्या देवापुढे ती मागणार नाही."

गुरुजींनी ताम्हनात ते पाणी सोडायला लावलं आणि संकल्प पुन्हा पहिल्यापासून सांगितला. तेव्हा श्रद्धा रडली. मंगळवारपासून पहिल्यांदाच...

आरती चालू असताना गार्गीला पुन्हा झटका आला. श्रद्धाने तिला कुशीवर धरलं, आणि आम्ही आरती अर्धवट ठेवून तो जायची वाट पाहिली. वन्सं दुसऱ्या दिवशी गेल्या, अजून फोन नाही.

नात बरी होणार नाही, हे मला कळलंय. त्या प्रोटीनचा निरोप का नाही पोचवलास, हे मी देवाला रोज विचारते. त्या डॉक्टर मॅडमचे उपकार मात्र मानते... त्यांच्याकडे इलाज नव्हता, पण माझ्या सुनेला त्यांनी निर्दोष घरी पाठवलं.