अख्खं वाशीम उजवीकडे

वाशीम जिथे संपतं असं आम्ही म्हणतो आणि जिथे सुरू होतं असं बाहेरगावचे म्हणतात, तिथे आमची कॉलनी आहे. शहरातले लोक तिला नुसतं "बंगल्याइकडं" म्हणतात, आणि म्हणताना थोडं नाक मुरडतात. मुरडू देत. डॉक्टर, कंत्राटदार, निवृत्त साहेब, अडत दुकानांचे मालक आणि शेती बटईनं देऊन शहरात आलेले आमच्यासारखे, अशी इथली वस्ती. बहुतेक बंगल्यांना वरचा मजला आहे, तो मुलासाठी बांधलेला आहे आणि त्याला कुलूप आहे. मुलं पुण्यात, हैदराबादेत, काही त्याहून लांब. कंपाउंडच्या मागे मात्र अजून सोयाबीन उभं असतं. दसऱ्याच्या सुमारास मळणी सुरू झाली की त्याचं कुटार, म्हणजे भुसा, उडून ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर बसतं. ते झाडताना कोणी शेताला नावं ठेवत नाही, कारण निम्मे बंगले त्याच शेतांतून वर आले आहेत.

पोर्चमध्ये एकेक मोठी गाडी आणि गाडीवर कव्हर. मुलं दिवाळीला आली की ती फिरते, एरवी तिचा सण म्हणजे दसरा. त्या दिवशी तिला अंघोळ, हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि चारही चाकांखाली एकेक लिंबू. आमच्याकडे लिंबं ठेवायचं काम माझं. आमचे हे आत बसून गाडी थोडी पुढे घ्यायचे, मी पदर सावरत वाकून सगळी चाकं बघायची आणि "फुटली" म्हणायची. मग गाडी मागे, आणि पुन्हा कव्हर. मी अधूनमधून म्हणायची, मलाही शिकवा की चालवायला. ते म्हणायचे, "मी हाव ना."

ते होते तोवर ते खरंच होतं.

ते गेले त्या वर्षी आम्ही दसरा केला नाही. पुढच्या होळीच्या वेळी पुण्याहून मुलाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, गाडी उगीच उभी आहे, दसऱ्याला येतो आणि विकून टाकतो, गिऱ्हाईक वाशीमचंच आहे. मी म्हटलं, राहू दे. त्यावर त्यानं जे विचारलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "आई, रात्री-बेरात्री तब्येत बिघडली तर दवाखान्यात कोण नेईल तुले? गाडी तर कोणी चालवत नाही. त्यापेक्षा पुण्याले चाल."

मला राग आला. मुलाचा नाही, त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं याचा. आज गाडी, उद्या वरचा मजला, परवा मी, हा क्रम मला दिसत होता. शेजारच्या दोन बंगल्यांतल्या बाया अशाच गेल्या. पुण्यात सातव्या मजल्यावर बसून सुनेला विचारून दार उघडतात आणि फोनवर आम्हाला विचारतात, यंदा तूर कशी आहे. मला माझं दार हवं होतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी शहरातल्या मोटार शिकवणाऱ्याकडे नाव घातलं.

तिथे माझ्यासोबतच्या मुली माझ्या मुलाच्या वयाच्याही नव्हत्या. शिकवणारा मला प्रत्येक वाक्यात "काकू, घाबरू नका" म्हणायचा. मी घाबरलेली नव्हते, पण त्याच्या त्या धीरानं घाबरायला लागले. तरी सरळ चालवता आलं, परवाना मिळाला. हात बसायचा बाकी होता, आणि ते काम आपांनी अंगावर घेतलं.

आपा म्हणजे आमच्या समोरच्या बंगल्यातल्या. त्यांच्या घरी हार्डवेअरचं मोठं दुकान. नवऱ्याची नजर अधू झाली तेव्हा आपा गाडी शिकल्या. आता दुकान, बाजार, नातेवाइकांची लग्नं, सगळीकडे त्याच नेतात. रोज सकाळी फजरची नमाज झाली की त्या माझ्या शेजारी येऊन बसायच्या, मांडीवर तसबीची माळ, आणि आम्ही निघायचो.

पहिल्याच दिवशी मी उजवीकडे वळताना हेडमास्तरांच्या गेटचा खांब पाडला. हेडमास्तर म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक, दिवसभर झुल्यावर बसून रस्त्याची हजेरी घेणारे. खांबाचं त्यांना वाईट वाटलं नसावं, कारण पुढे महिनाभर कॉलनीला सांगायला त्यांच्याकडे काहीतरी होतं. मला मात्र ते म्हणाले, "वयनी, कायले तरास घेता? कुठं जायचं असलं तर आमी हाव ना." पुन्हा तेच. जो तो "आहे", आणि बाईनं कशाला काही व्हायचं? खांब मी गवंडी लावून आधीपेक्षा चांगला बांधून दिला आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा निघाले.

फक्त त्या दिवसापासून मी उजवीकडे वळले नाही. आमच्या बंगल्यांच्या ओळीभोवती गोल फिरून येणारा रस्ता आहे. घरातून निघून डावीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे केलं की माणूस आपल्याच गेटात येतो. वाहन नाही, माणूस नाही, रस्ता गुळगुळीत. पावसाळा संपेपर्यंत मी तेवढंच केलं आणि झकास केलं. झुल्यावरून हेडमास्तर मान डोलवू लागले. मला वाटलं, आलं की आपल्याला.

मग एके दिवशी आपा म्हणाल्या, आज शहरात जाऊ, मला जिरं आणायचं आहे. कॉलनीच्या तोंडाशी मोठा रस्ता लागतो. समोरून ट्रक, मागून बस, कुटार भरलेला ट्रॅक्टर. उजव्या हाताला वाशीम. मी बराच वेळ थांबले. मागच्यानं हॉर्न वाजवला तशी मी सवयीनं डावीकडे वळले आणि सुटले. वाटलं, पुढे कुठेतरी वळू. पुढे वळायचं तेही उजवीकडेच होतं. शेतं आली, ढाबा आला, एक फाटा आला, आणि मी आपली डावी बाजू धरून चाललेली. शेवटी आपांनी गाडी कडेला घ्यायला लावली.

"बाई, अख्खं वाशीम उजवीकडं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी डावीकडून कुठं जाऊन राह्यल्या?"

मी हसले आणि तिथेच रडले. दसरा तोंडावर आला होता आणि मला माझ्या घराला प्रदक्षिणा घालण्यापलीकडे काही येत नव्हतं. मी म्हटलं, आपा, विकू दे गाडी. त्यांनी समजूत वगैरे काढली नाही. स्वतः चालवत मला परत आणलं, कॉलनीच्या तोंडाशी गाडी थांबवली, खाली उतरल्या आणि माझ्या बाजूचं दार उघडून उभ्या राहिल्या. बसा म्हणाल्या, आता उजवीकडे वळल्याशिवाय जेवण नाही. तुमचंही नाही आणि माझंही.

त्यांच्या घरी पाहुणे यायचे होते, तरी त्या हलल्या नाहीत. मी सुपारीएवढं तोंड करून बसले. इशारा द्यायचा, उजवीकडून बघायचं, डावीकडून बघायचं, आणि वाट मोकळी झाली की रेंगाळायचं नाही. मी रेंगाळायची, आणि वाट पुन्हा भरायची. कितीदा झालं कोण जाणे. मग एकदाची मी ओलांडून गेले. पुढच्या पंपावर वळून परत आले आणि पुन्हा गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. जिरं राहिलं. त्यानंतर रोज सकाळी गोल रस्ता सोडून मी थेट तोंडाशी जाऊ लागले. हेडमास्तरांना हजेरीला कोणी उरलं नाही.

दसऱ्याला मुलगा सकाळच्या रेल्वेनं येणार होता. ऑटो करून येतो म्हणाला होता. मी अंघोळ केली, देवाला हात जोडले आणि त्यांच्या फोटोकडे बघून म्हटलं, तुम्ही नाही, आता मी हाव. मग एकटीच निघाले. आपांना मुद्दाम सोबत घेतलं नाही. तोंडाशी आपट्याच्या डहाळ्या लादलेल्या हातगाड्या आणि झेंडूचे टेम्पो होते. हात ओले झाले होते, ते लुगड्याला पुसले, वाट मोकळी दिसली तशी उजवीकडे वळले आणि स्टेशनला लागले.

मुलगा बाहेर येऊन ऑटोवाल्याशी बोलत होता. मी हॉर्न वाजवला. त्यानं आधी गाडी ओळखली, मग मला. कोण घेऊन आलं, असं विचारत त्यानं मागच्या सीटवर डोकावून पाहिलं. मी आले, म्हटलं. बॅग मागे टाकून तो सवयीनं माझ्या बाजूच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, सरक, मी चालवतो.

"तिकडून बस," मी म्हटलं.

घरापर्यंत तो पाय आवळून बसला होता. ब्रेक त्याच्याकडे नव्हता तरी दोनदा त्यानं तो दाबला.

घरी आल्यावर गाडी धुतली, हळदकुंकू वाहिलं, माळ घातली. मी लिंबं घ्यायला वाकले तर त्यानं ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः चाकांखाली ठेवली. मी आत बसले आणि गाडी पुढे घेतली. तो गुडघे टेकून एकेक चाक बघत फिरला. "फुटली," म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी त्याच्या बापासारखा आला.

तो पायरीवरचं कुटार बोटानं सारत बसला. मग म्हणाला, "उद्या गिऱ्हाईक येणार हाय, त्याले काय सांगू?"

"सांग, गाडी रिकामी नाही. उद्या मले इंझोरीले जायचं हाय, बहिणीले सोनं द्याले. तू येतं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आपट्याची पानं पिशवीत घालून मी बाहेर आले. गाडीवर कव्हर नव्हतं, आणि तो आधीच येऊन डावीकडच्या सीटवर बसला होता.