तिसऱ्या बाकाचं टोक

अंबरनाथच्या आमच्या चर्चला रॅम्प झाला त्या रविवारी पप्पा सगळ्यांना पुन्हा पुन्हा सलाम करत होते. त्याआधी माझ्या मोठ्या बहिणीची व्हीलचेअर चौघं उचलून पायऱ्या चढवायचे आणि ती डोळे गच्च मिटून घ्यायची. आता ताई स्वतः चाकं फिरवत आत आली. मंडळींनी तिला नेहमीच्या जागी नेलं. अगदी पुढे, वेदीच्या बाजूला, फुलांच्या स्टँडजवळ, सगळ्यांकडे तोंड करून. मानाची जागा म्हणून.

मलाही ती जागा चांगलीच वाटायची. पण चिखलोलीला घरी परतताना ताई रिक्षात म्हणाली, "पुढच्या रविवारपासून मी येत नाही. मोबाईलवर ऐकेन."

मम्मी गोंधळली. आता तर रॅम्पही झाला.

"सगळे देवाकडे बघतात आणि मी सगळ्यांकडे. मी काय फुलदाणी आहे? मला तुमच्यात बसायचंय. गाताना हिचा बेसूर आवाज कानाशी पाहिजे."

हिचा म्हणजे माझा.

पप्पांनी चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं आणि आम्हाला कमिटीच्या बैठकीला बोलावणं आलं. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून असं कुठे बोलायचं असलं की पप्पा मला पुढे करतात. मी वाक्यं पाठ करून गेले होते. उभी राहिले, आणि ताई शेजारीच बसलेली दिसली. कसंबसं म्हटलं, तिलाच विचारा ना. तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं.

ताईने सांगितलं, मधल्या वाटेलगतचा एक बाक थोडा आखूड करा, तिथे खुर्ची बसेल. खांबांमुळे जमण्यासारखा बाक एकच निघाला, तिसरा. आमच्याकडे प्रत्येक बाक कुणाच्या तरी आठवणीत दिलेला आहे आणि अशा बाकाला कुणी हात लावत नाही. तिसरा बाक एका आजींनी दिलेला. ऑर्डनन्स फॅक्टरीत असलेल्या त्यांच्या नवऱ्याचं नाव पाठीच्या फळीवर कोरलेलं, नेमकं वाटेकडच्या टोकाला. प्रार्थनेच्या वेळी आजींचा हात त्या नावावर असतो. कुणीतरी हळूच म्हणालं, मग दाराजवळ जागा करू. ताईने मान खाली घातली.

रविवारी पाळकसाहेबांनी आजींना विचारलं. त्या बराच वेळ अक्षरांवरून बोटं फिरवत राहिल्या. मला वाटलं, नाही म्हणतील. मग त्यांनी ताईला जवळ बोलावलं.

"माझ्या शेजारी बसशील ना? मला ऐकू कमी येतं. गाणं कितवं ते सांगावं लागेल."

ताई म्हणाली, "सांगेन, आजी."

"मग कापा. तेवढा तुकडा मात्र मला द्या, घरी ठेवीन."

सुताराने बाक कापला, कड घासून गुळगुळीत केली. पुढच्या प्रभुभोजनाला भाकरीचं ताट आधीसारखं सगळ्यांनंतर वेगळं ताईकडे गेलं नाही. रांगेतून आजींकडे आलं, आजींनी ताईसमोर धरलं, आणि वाटेच्या पलीकडच्या बाकावरून मी हात पुढे केला तेव्हा ताईने ते माझ्याकडे दिलं. मग सगळे प्रार्थनेला वाकले. मी डोळे नीट मिटले नव्हते. आजींचा हात सवयीने त्या टोकाकडे गेला. तिथे आता ताईच्या खुर्चीचा दांडा होता. हात थोडा थबकला आणि तिथेच टेकला.