कल्हईच्या गंजातलं ताक

आई गेल्यापासून ती मला जेवताना आठवते. बाबांच्या मागून, उरलंसुरलं घेऊन बसलेली.

आंबट पितळेत कळकतं, हे वर्ध्याजवळच्या देवळी गावातल्या आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ताकाच्या पितळी गंजाला, त्या उभट पातेल्याला, ती न चुकता कल्हई करून घेई. गंज तिच्या माहेरचा. रात्रभर त्यात ताक राही आणि दुपारी शेतातून आलेले बाबा ते संपवत. तिच्या वाट्याला ताक उरतच नसे.

मी कॉलेजात होतो तेव्हा, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, बाबांचं पोट वरचेवर दुखू लागलं. चेहरा फिका पडला. मनगटात जोर राहिला नाही, बैलाचं दावंही आवळता येईना. वर्ध्याच्या डॉक्टरांनी हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली, रक्त तपासायला पाठवलं, आंबट कशात ठेवता ते विचारलं. पुढच्या खेपेला म्हणाले, कल्हईच्या कथलात शिसं मिसळलेलं असणार. ते ताकात उतरतं, आणि जिभेला कळत नाही.

परतताना एसटीत बाबा म्हणाले, "तुह्या मायले सांगू नको. जीवाले लावून घेईन ते."

घरी त्यांनी एवढंच सांगितलं, की डॉक्टरनं ताक बंद केलं.

"काऊन जी? ताकानं कोणी मरते का?"

"मी मरून राह्यलो ना."

"मंग मीच पेते. फेकू का एवढं?" आईनं गंजातून पेला भरला.

बाबांनी तो तिच्या हातून हिसकला. ताक तिच्या लुगड्यावर सांडलं. मग सगळं सांगावंच लागलं.

मला वाटलं, ती रडेल. ती लुगडं पिळत म्हणाली, "मले वाईट वाटीन म्हणून मले मरू देत होते काय?"



गंज गेला, ताक मातीच्या गाडग्यात आलं. बाबा हळूहळू सावरले. आई मात्र रोज आधी स्वतः घोटभर पिई आणि मग त्यांना देई. घोटानं शिसं ओळखू येत नाही, हे मी तिला समजावून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशीही तेच केलं.

एकदा आत्या आली होती. "वैनी, नवऱ्याच्या आधी तोंड लावतं?"

"हो," आई म्हणाली. "आता जे होईन ते दोघायले होईन."