आत्याची सही

आत्याच्या नाकावर राग असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. नाकावर असता तर तीस वर्षांत एकदा तरी घसरून पडला असता.

ती तीस वर्षं वाहन तपासणी केंद्रात होती. खड्ड्यात उतरायचं आणि डोक्यावर उभ्या असलेल्या गाडीचं पोट तपासायचं, हे तिचं काम. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. धड पत्रा खणखणतो, गंजलेला भद्द वाजतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी ती हातोडी तिच्या पिशवीत असतेच, भाजी आणायला जाताना सुद्धा. केंद्रात तिला ‘नापासबाई’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

माझी बायको नर्स आहे. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं बघते. यंदा तिच्याकडे घाटापलीकडची गावं आली. रोज घाट चढायचा, उतरायचा आणि वाटेत मुलीला पाळणाघरात सोडायचं. नवी गाडी झेपणारी नव्हती, म्हणून जुनी बघायची ठरली. जुनी गाडी म्हटल्यावर आत्या आलीच.

तिने ओळीने तीन गाड्या मोडीत काढल्या. पहिलीचा मालक कागद दाखवताना एका रकान्यावर अंगठा दाबून उभा होता. दुसरीचा मीटर दोन वर्षांत पुढे जायच्या ऐवजी मागे आला होता. तिसरीच्या मधल्या दोन तपासण्या झाल्याच नव्हत्या. मी वैतागलो.

“आत्या, गाडी तुला घ्यायची नाहीये, मला घ्यायचीय.”

“तू घे की. पण घाटात ही जाणार आहे,” बायकोकडे बोट दाखवून ती म्हणाली. बायको लगेच तिच्या बाजूने झाली. या दोघींचं एरवी चहातल्या साखरेवरूनही पटत नाही.

चौथी गाडी निळी होती. चौदा वर्षांची, पण धुऊनपुसून नव्या नवरीसारखी उभी केलेली. विकणारा माणूस सतत हसत असायचा, म्हणून बायकोने त्याचं नाव हसऱ्या ठेवलं होतं. त्याने यंदाच्या तपासणीचा कागद पुढे केला. त्यावर ‘पास’ असा शिक्का होता.

“हे शेवटचं पान झालं,” आत्या म्हणाली. “मला पहिल्यापासूनची सगळी पानं हवीत. केंद्रात गाडीचा नंबर दिला की उतारा मिळतो. आणा, मग बोलू.”

“आणून ठेवलाय, बाई,” हसऱ्या म्हणाला. आज त्याचं हसू जरा जास्तच रुंद होतं. “तुम्ही येणार कळल्यावर मुद्दाम काढला. अहो, या गाडीला खुद्द तुम्हीच पास केलंय. नापासबाईंनी पास केलेली गाडी, आणखी काय पाहिजे?”

त्याने सहा वर्षांपूर्वीच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘पास, शेरा नाही’, आणि पुढे आत्याची सही. त्याने फक्त तेवढीच ओळ वाचली होती. तिच्या वरची ओळ वाचायची तसदी घेतली नव्हती. वरच्या ओळीतही आत्याचीच सही होती, आठ दिवस आधीची. तिथे लिहिलं होतं: ‘नापास. डाव्या बाजूची चासी गंजून पोकळ. रस्त्यावर आणू नये.’

“आठ दिवसांत चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, दुरुस्त होत नाही,” आत्या हळूच म्हणाली. “आणि केली असती तर मी शेरा लिहिला असता.”

मी मात्र ‘पास’च्या ओळीतल्या तारखेकडे बघत होतो. ती तारीख मी विसरलो तर मला घरात जेवायला मिळणार नाही. ती आमच्या लग्नाची तारीख होती.

“आत्या, त्या दिवशी तू सकाळपासून आमच्याकडे होतीस. वाढायला उभी होतीस. खड्ड्यात कशी उतरशील?”

“खोटी सही आहे ही,” बायको म्हणाली.

आत्याने कागद डोळ्यांजवळ नेला. मग घडी घालून माझ्या हातात दिला. “खोटी नाही. माझीच आहे.”

ती पिशवी ठेवून त्या भरउन्हात जमिनीवर आडवी झाली. साठीतली बाई गाडीखाली सरपटत गेली आणि आम्ही बघत उभे राहिलो. उजवीकडून हातोडीचा खणखणीत आवाज आला. डावीकडून आला भद्द. पुन्हा भद्द. काळ्या रंगाचा पोपडा निघाला, मागोमाग गंजाचा भुगा सांडला. ती बाहेर आली तेव्हा तिची दोन बोटं पेरापर्यंत गंजाने लाल झाली होती. बोटं आत गेली होती, सरळ चासीच्या आत.

हसऱ्याचं हसू आता मावळलं. “नको असेल तर राहू द्या. संध्याकाळी एक जोडपं येतंय. त्यांनाही बाईंचीच सही दाखवलीय. त्यांना पसंत आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं. पण मला त्याच्यापेक्षा जास्त राग आत्याचा आला होता. फाटकाबाहेर पडल्यावर मी विचारलं, “सही तुझी आणि तू तिथे नाहीस, हे कसं?”

“लग्नासाठी तीन दिवस रजा हवी होती,” ती म्हणाली. “माझ्या सहीशिवाय रांग पुढे सरकायची नाही. रजेवर जाताना हाताखालच्या माणसाकडे कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवायच्या, अशी पद्धत होती. सगळेच करायचे. मी तीस वर्षांत एकदाच केलं.”

“आणि त्याने गाडी न बघता भरला.”

“हो. पण भरायला कोरा कागद मी दिला. आणि एकदा माझी सही पडल्यावर पुढची सहा वर्षं कोणी खाली वाकलंच नाही. नापासबाईने सोडलीय म्हणजे धडच असणार.”

बायको चालता चालता थांबली. “आत्या, तुम्ही आला नसतात तरी आमचं लग्न झालं असतं,” ती म्हणाली. “सहा वर्षं ही गाडी माणसं घेऊन फिरतेय. उद्या मी मुलीला घेऊन हिच्यातून घाटात असते.”

आत्याने एरवी या बोलण्यावर तिला उभी सोलून काढली असती. ती फक्त “खरं आहे” म्हणाली. मला तेही आवडलं नाही. जन्मभर आम्हाला परीक्षेपासून पंक्चरपर्यंत फैलावर घेणारी ही बाई, आणि तिचा एवढा मोठा घोटाळा आमच्याच लग्नाच्या दिवसाला चिकटलेला.

“चल केंद्रात,” ती म्हणाली. “संध्याकाळच्या आत.”

वाटेत मी म्हटलं, “तुझ्यावर चौकशी लागेल. पेन्शन अडकेल.”

“लागू दे. हातोडीने भोक दाखवलं तर तो पत्रा ठोकून पुन्हा काळं फासेल. तो विकतोय माझी सही. ती मीच खोडली पाहिजे.”

केंद्रात चार नंबरच्या खिडकीवर रांग होती. खिडकीतला कारकून तिला ओळखून अर्धवट उठला. तिने काय हवंय ते सांगितल्यावर तो पुन्हा बसला आणि इकडेतिकडे बघू लागला.

“बाई, जुनं कशाला उकरता? ज्याने भरलं तो आता साहेब झालाय.”

“मला अर्ज दे. पास रद्द करायचा आणि गाडी अडकवून ठेवायचा.”

त्याने नाइलाजाने दोन पानी फॉर्म काढला, पेन त्यावर ठेवलं आणि तळाशी फुली मारली. “इथे सही करून जा. मागे रांग आहे, बाकीचं मी निवांत भरतो.”

आत्या त्या फुलीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही खिडकीची काच फोडणार. मग तिने खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पहिल्या रकान्यापासून लिहायला घेतलं. गाडीचा नंबर. तारीख. चासीची कुठली बाजू, भोक किती बोटांचं. मागे कोणीतरी कुरकुरलं, तेव्हा बायको वळून म्हणाली, “थांबा. तुमचीच गाडी असेल उद्या.”

‘तक्रार कोणाविरुद्ध’ या रकान्यात दोन ओळी होत्या. दुसऱ्या ओळीत आत्याने त्या हाताखालच्या माणसाचं नाव लिहिलं. पहिल्या ओळीत तिने स्वतःचं लिहिलं होतं. सगळं पुन्हा एकदा वाचून काढलं, कारकुनाला मोठ्याने वाचायला लावलं, आणि मगच फुलीवर सही केली.