माझ्या गडव्यातलं पाणी

म्हातारी मेमसाहेब नातवाचं डोकं साबणानं धूत होती. लाल साबण, दवाखान्याच्या वासाचा. दोन दिवसांचं लेकरू, टाळू अजून लपलप करणारी, आणि ती घासत होती. धुतलं. पाणी फेकलं. पुन्हा धुतलं. मी दाराबाहेर उभी होते. आत यायचं नाही आणि जायचंही नाही, असं मला सांगितलं होतं.

तिसऱ्यांदा धुऊन झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं.

"कौन से मटके का पानी था? बोल."

"माझ्या गडव्यातलं होतं," मी म्हटलं.

तिनं चौथ्यांदा साबण घेतला.

मला काही वाटलं नाही. लोक म्हणतात, रडली असशील, चिडली असशील. नाही. फार वेळ उकिडवं बसलं की पाय बधिर होतात, तसं आतून झालं होतं. साबण लेकराच्या डोळ्यांत जाईल, एवढंच मनात होतं.

मी दाई. माझी आई दाई, तिची आईही दाई. जातीनं महार. फुलचूरच्या बाजूला आमची वस्ती, त्यातली काही घरं माझ्या लग्नाआधीच ख्रिस्ती झाली होती. गाव म्हणालं, बाटले. गावाच्या विहिरीवर आम्हाला आधी जागा नव्हती, नंतरही नव्हती. त्यामुळे बाटून आमचं काही गेलं नाही.

गोंदियाला रेल्वेच्या क्वार्टरांजवळ छोटं चर्च होतं. फादर महिन्यातून एकदा नागपूरच्या गाडीनं मिस्सासाठी, म्हणजे मोठ्या प्रार्थनेसाठी, यायचे. आत पाच बाकं. ती साहेबलोकांची, म्हणजे गार्ड, ड्रायव्हर, त्यांच्या मेमसाहेबा आणि लेकरं. आमच्यासाठी मागे शिंदीची चटई. पवित्र भाकर आधी बाकांना मिळायची, बाकं संपली की चटईला. असा नियम कुठं लिहिलेला मी पाहिला नाही. पण चुकूनसुद्धा कधी उलटं झालं नाही.

धर्म शिकवायला मास्तर होते. आमच्याच वस्तीतले, चार बुकं शिकलेले. सात संस्कार त्यांनी आमच्याकडून घोकून घेतले होते. संस्कार म्हणजे काय? डोळ्यांना दिसणारी खूण, आणि तिच्यातून मिळणारी न दिसणारी कृपा. आम्ही सगळ्या एका सुरात म्हणायचो, कळो न कळो. पण एक धडा त्यांनी मला वेगळा दिला, दाई म्हणून. लेकरू मरायला टेकलं आणि फादर जवळ नसले, तर कोणीही बाप्तिस्मा द्यावा. बाई चालते. हिंदूही चालतो. पाणी डोक्यावरून वाहिलं पाहिजे, शब्द पुरे पाहिजेत आणि मनात तसा हेतू पाहिजे. एकदा झाला की तो पुन्हा देता येत नाही. कारण देणारा ख्रिस्त असतो, माणसाचा असतो फक्त हात.

मी विचारलं होतं, "अना हात महाराचा असन तरी?"

मास्तर हसले. "हात हात असते व बाई."

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या हाताबद्दल चांगलं बोललं होतं. माझा हात, जो सगळ्यांच्या लेकरांना आधी लागतो आणि मग बारसं झालं की नकोसा होतो.

लढाईचे दिवस होते. रेल्वेचा डॉक्टर लाइनवर गेला होता आणि गार्डसाहेबाची बायको अडली. भर दुपारी मला बोलावणं आलं. त्या घराची रीत मला ठाऊक होती. सुरईला हात लावायचा नाही, माठाला लावायचा नाही, तहान लागली तर आपलं पाणी आपण आणायचं. म्हणून मी माझा पितळी गडवा भरून सोबत नेला.

लेकरू निळं आलं. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे. वेढे सोडवले, तोंडातला चिकटा बोटानं काढला, पाठ चोळली, तळपायांवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. काही नाही. आई विचारत होती, "रोता क्यों नहीं? रोता क्यों नहीं?" मी पाण्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. सुरई कोपऱ्यात होती. मरणाच्या दारातही माझा हात सुरईकडे गेला नाही, इतकी ती रीत अंगात भिनलेली. हात माझ्याच गडव्याकडे गेला. डोक्यावर पाणी सोडलं आणि शब्द म्हटले. सगळे. मग पुन्हा फुंकर घालत राहिले.

थोड्या वेळानं ते शिंकलं. मग रडलं. आईनं माझा हात धरला, रक्तानं भरलेला, आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

बाप्तिस्म्याची गोष्ट मीच सांगितली. मला वाटलं, सांगितलं पाहिजे, नाहीतर फादर पुन्हा पाणी घालतील आणि पाप लागेल. मास्तरांनी शिकवलं होतं तसं मी वागले. लेकरू मेलं असतं तर त्या घरानं माझे पाय धरले असते. माझ्या पाण्यामुळे ते स्वर्गात गेलं असतं. पण ते जगलं. आता त्याला ते पाणी जन्मभर डोक्यावर घेऊन हिंडायचं होतं. म्हणून साबण. साबणानं धुतलं त्या दिवशी त्याची आई पडद्यामागे होती, जागी होती, पण बाहेर आली नाही.

संध्याकाळी मास्तर माझ्या घरी आले. चुलीजवळ बसले. फादरच्या मोठ्या पुस्तकात बाप्तिस्मा कोणी दिला ते लिहावं लागतं. पोराच्या शाळेला, नोकरीला, लग्नाला त्याच पुस्तकातून कागद निघणार. त्यात महारणीचं नाव मेमसाहेबांना नको होतं. वाट एकच होती. शब्दांत चूक झाली असं मी म्हटलं, तर फादरांना पुन्हा बाप्तिस्मा देता येणार होता.

"रविवारी फादर इच्यारतीन तुले," मास्तर म्हणाले. "म्हन, शब्द इसरली म्हनून. येवढंच."

"इसरली नाही ना मी."

"तुले कोन इच्यारून राहिलं, इसरली का नाही इसरली? म्हन, असं सांगून राहिलो."

"तुमीच तं सांगलं होतं मास्तर. हात हात असते."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "ते धड्यात व बाई."

उठताना त्यांनी आणखी एक सांगितलं. त्याच रविवारी माझ्या पोरीला पहिल्यांदा पवित्र भाकर मिळणार होती. तिच्या पांढऱ्या फ्राकचं कापड म्हाताऱ्या मेमसाहेबांनी दिलं होतं. शिवून तयार होतं. मी ऐकलं नाही तर ते परत मागवलंय. मी फ्राक तेव्हाच घडी करून त्यांच्या हातात दिला. पोरगी दारातून पाहत होती.

रविवारी मिस्साआधी फादरांनी मला पुढे बोलावलं. गोरे, म्हातारे, पुस्तकातलं मराठी बोलणारे. पहिल्या बाकावर म्हातारी मेमसाहेब लेकराला घेऊन बसली होती. शेजारी गार्डसाहेब. मास्तर जमिनीकडे बघत भिंतीशी उभे. मागे चटईवर माझी पोरगी, रोजच्याच विटक्या परकरात.

"पाणी डोक्यावरून वाहिले काय?"

"वाहिलं जी."

"शब्द पूर्ण उच्चारलेस काय?"

एक शब्द पुरे होता. इसरली. तो म्हटला असता तर काम राहिलं असतं, फ्राक परत मिळाला असता. पण एक समजलं. ही माणसं मला शब्द विसरायला सांगत नव्हती. धड्यातलं खरं असतं हे विसरायला सांगत होती. आणि धडा मला त्यांनीच दिला होता.

मी मोठ्यानं म्हटलं, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते." मग म्हटलं, "मी इसरली नाही. एक अक्षर बी नाही."

"बाप्तिस्मा झालेला आहे," फादर म्हणाले. "पुन्हा देता येत नाही." नियम त्यांनी मोडला नाही, एवढं त्यांचं मी मानते. पण लगेच मेमसाहेबांकडे वळून ते इंग्रजीत हळू आवाजात खूप वेळ काहीतरी बोलले. इंग्रजी मला येत नाही. माफी मात्र मला कुठल्याही भाषेत कळते, जन्मभर मागत आले आहे.

मग त्यांनी पुस्तक उघडून लिहिलं. मी मास्तरांना विचारलं, "काय लिवलं?"

"दाईच्या हातून."

"अना नाव?"

"नावाची आवश्यकता नाही," फादर म्हणाले. "जागेवर जा."

मी गेले नाही. टेबलाजवळ उभी राहिले. मिस्सा खोळंबली. गार्डसाहेबानं घड्याळ काढून पाहिलं. मास्तर कुजबुजले, "काऊन अशी करून राहिली व?" मी फादरांना म्हटलं, "लिहा जी." शेवटी त्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. मी दोन्ही नावं सांगितली, चर्चनं दिलेलं आणि आईनं ठेवलेलं. त्यांनी दोन्ही लिहिली.

मागे आले. पोरीनं चटईवर माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. मी म्हटलं, "उठ." आम्ही दोघी उभ्या राहिलो.

"माय, पाय दुखते."

"दुखू दे."

भाकर आम्हाला शेवटीच मिळाली. पोरीनं ती उभ्यानं घेतली.

त्यानंतर क्वार्टरांतून मला बोलावणं आलं नाही. पोटाला चिमटा बसला. वस्तीतल्या बायकाही काही दिवस बोलल्या नाहीत, माझ्या ताठ्यापायी त्यांना साहेबांचे जुने कपडे मिळणं बंद झालं म्हणून. धर्म सोड, असंही कोणी म्हणालं. कायले सोडू? माझ्या हातून झालेला संस्कार त्या पुस्तकात आहे.

आता साहेबलोक देश सोडून जायची भाषा करतात. गार्डसाहेबाचं सामान बांधून झालंय म्हणे. ते पोरगं चार वर्षांचं आहे, धावतं, मी लांबून पाहिलंय. जाऊ देत कुठंही. त्याच्या लग्नाच्या वेळी कागद इथूनच मागवावा लागेल आणि कोणाला तरी ते पान उघडावं लागेल. तोवर मी त्या चटईवर बसणार नाही. त्यानंतरही बसणार नाही.