ग्रिगोरेंच्या फोटोला हार

आम्ही एका जिवंत माणसाचं श्राद्ध त्याच्यासमोरच घातलं. वर त्याला आग्रह करकरून वाढलंसुद्धा.

आता असं काही करायचा आमचा बेत नव्हता. बेत अक्रोड विकायचा होता. माझा नवरा अविनाश लंडनमधल्या एका बँकेत कॉम्प्युटरसमोर बसून व्यवस्थित पगार घेत होता. पन्नाशी जवळ आली तशी त्याला स्वतःचं काहीतरी करायची उबळ आली. इतर बायकांचे नवरे या वयात महागडी सायकल घेतात आणि रविवारी घट्ट कपडे घालून घराबाहेर जातात. बायकांनाही तेवढाच आराम. आमच्याकडे सायकलीऐवजी मोल्दोव्हा आला.

मोल्दोव्हा हा रोमेनिया आणि युक्रेनच्या मध्ये अंग चोरून बसलेला एक छोटासा देश आहे. (मलाही नकाशा दोन बोटांनी मोठा करावा लागला.) तिथले ग्रिगोरे अविनाशला खाद्यपदार्थांच्या एका प्रदर्शनात भेटले. सोव्हिएत राज्यात त्यांच्या गावची अक्रोडाची झाडं सरकारी शेतीच्या मालकीची होती आणि ग्रिगोरे त्या शेतीवर इंजिनिअर होते. ते राज्य गेलं, जमिनीचे तुकडे करून घरोघरी वाटले गेले, नोकरी संपली, आणि इंजिनिअरसाहेब काही वर्षं लंडनमध्ये लोकांच्या भिंतींना प्लास्टर करत होते. मग गावी परतून त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकत्र केलं आणि अक्रोड फोडायचा छोटा कारखाना काढला. माल एक नंबर. पण तो मोठ्या कंपन्या पोत्यांनी उचलणार, भलत्याच देशात नेऊन पाकिटात भरणार आणि वर त्या देशाचं नाव छापणार.

"माझ्या अक्रोडांना लगेच जर्मन नागरिकत्व मिळतं," ग्रिगोरे म्हणायचे. "मला अजून व्हिसासाठी रांग लावावी लागते."

अविनाश तिथेच विरघळला. "तुमच्या पाकिटावर तुमच्या गावाचं नाव छापू. तुमचा फोटोही छापू," असा शब्द देऊन तो घरी आला आणि त्यानं बँकेची नोकरी सोडली. (मला सांगून. मला विचारून नव्हे.)

त्यानंतर कळलं की बर्मिंगहॅमची एक बडी कंपनी ग्रिगोरेंचा सगळाच्या सगळा माल घ्यायला तयार आहे. ग्रिगोरे आणि त्यांची बायको लिदिया तिकडे जाण्याआधी शनिवारी वेम्बलीला आमच्याकडे जेवायला येणार आणि मग काय ते ठरवणार. थोडक्यात, आमच्या घराचा पुढचा सगळा खर्च माझ्या स्वयंपाकावर येऊन पडला.

"तू फक्त साधं काहीतरी कर," अविनाश म्हणाला.

"पाहुणचारातलं मला नको शिकवूस," मी म्हटलं. आणि हे वाक्य मी नंतर बरेच दिवस ऐकून घेतलंय.

तेव्हा सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वृंदा, श्रीखंड आण दुकानातून. सगळ्यांना आवडतं."

"आई, श्रीखंड काय कोणीही देतं. तुम्ही खपली गहू आणलेत ना? आपण खपलीची खीर करू, आणि वर त्यांचेच अक्रोड लावू. माणूस खूश झाला पाहिजे."

स्वतःच्या हुशारीवर मी इतकी भाळले की गहू भिजवताना चक्क गाणं म्हणत होते. खीर अशी घट्ट झाली की डाव उभा राहावा. काचेच्या मोठ्या भांड्यात ती ओतून मी वर अक्रोडांच्या दोन ओळी लावल्या, एक उभी, एक आडवी. मला ते नीटनेटकं वाटलं.

आमच्या जवळच्या ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानांत त्या दिवशी झेंडू संपला होता, म्हणून मी शेवंतीचा पांढराशुभ्र हार आणला. अविनाशनं पाकिटाच्या लेबलाचा नमुना मोठा करून फ्रेममध्ये घातला होता. अक्रोडाच्या झाडाखाली ग्रिगोरे, आणि खाली ठळक अक्षरात त्यांच्या गावाचं नाव. ती फ्रेम कपाटावर उभी केली. चांगल्या कामाला दिवा हवा म्हणून सासूबाईंनी तिच्याशेजारी समई लावली आणि धूपही घातला. खोली प्रसन्न दिसायला लागली, निदान आम्हा तिघांना.

ग्रिगोरे वेळेवर आले. दणकट माणूस, पांढऱ्या मिशा, अंगात खास ठेवणीतला कोट. लिदियाच्या हातात घरी केलेला पाव होता. सासूबाईंनी दारातच औक्षण केलं. मी पुढे होऊन ग्रिगोरेंच्या गळ्यात हार घातला. लिदियाचं हसू तिथल्या तिथे मावळलं. ग्रिगोरे ताठ उभे राहिले, शेवंतीचा वास घेतला आणि झटक्यात हार काढून, हात लांब करून माझ्याकडे दिला.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडेही हार घातला की पाहुणा लगेच काढतो, तेवढाच नम्रपणा. पण आता तो ठेवायचा कुठे? टेबल पानांनी भरलेलं, माझ्या एका हातात पापडांचं ताट. फ्रेमचा कोपरा समोरच होता. मी हार फ्रेमला घातला. बसलाही अगदी मापात.

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून पुऱ्या घेऊन बाहेर आल्या. हार घातलेला फोटो, बाजूला तेवणारी समई, धुपाचा धूर. त्या जागच्या जागी थांबल्या.

"अगं बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कधी गेले?"

मग त्यांची नजर सोफ्याकडे गेली. "आणि मग हे कोण?"

अविनाशनं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तसं त्यानं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मी धावले. हाराचा दोरा फ्रेमच्या हुकात अडकला. ओढला तर ग्रिगोरे पुढे कलले, सोडला तर मागे आपटले. या झटापटीत धूप छतापर्यंत पोचला आणि स्मोक अलार्म केकाटायला लागला. अविनाश खुर्चीवर चढून टी-टॉवेल फडफडवू लागला.

अशा वेळी शहाणी बाई गप्प बसते. मी ठरवलं, आधी गोड वाढावं, म्हणजे वातावरण निवळेल. मी भांडं नेऊन थेट ग्रिगोरेंच्या पुढ्यात ठेवलं आणि वरचं झाकण काढलं.

लिदिया उठून उभी राहिली. तिनं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रॉसची खूण केली. मग पर्समधून एक गोळी काढून नवऱ्याच्या हातावर ठेवली. ग्रिगोरेंनी ती पाण्याबरोबर घेतली. तेवढ्यात अलार्म थांबला, आणि त्या शांततेत त्यांनी विचारलं, "वृंदा, खरं सांगा. डॉक्टर तुमच्याशी काही बोललेत का?"

"कोण डॉक्टर?"

"हिवाळ्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मला म्हणाले, सगळं ठीक आहे. तुम्हाला वेगळं काही सांगितलं का?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या गावात माणूस गेला की गहू शिजवतात, गोड करतात, वर अक्रोड लावतात. कसे लावतात? एक उभी ओळ, एक आडवी, क्रॉससारखे. शेजारी दिवा लावतात, धूप घालतात. आणि शेवंती फक्त थडग्यावर वाहतात.

"पण फोटोला फुलं घालणं आमच्यात नाही," ते म्हणाले. "ते काय आहे?"

अविनाश खोटं बोलू शकत नाही. बँकेत त्याला बढती न मिळण्याचं तेही एक कारण असावं.

"ते आमच्यात आहे," तो खुर्चीवरूनच म्हणाला.

मला समोर बर्मिंगहॅमची कंपनी दिसत होती, तिच्या मागे अविनाशची सोडलेली नोकरी, आणि त्याच्या मागे मी, डाव हातात घेऊन. रडूच यायला लागलं. मी सासूबाईंना सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी शांतपणे मान हलवली.

"खीर तर आपल्याकडेही त्या दिवशी लागतेच," त्या म्हणाल्या. (धीर द्यायची त्यांची ही पद्धत आहे.)

मग त्या आत गेल्या आणि मुठीत मीठ-मोहरी घेऊन आल्या. कोणाला न विचारता त्यांनी ग्रिगोरेंभोवती मूठ फिरवून त्यांची दृष्ट काढली, पुटपुटत, बोटं मोडत, अगदी साग्रसंगीत. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, झालं, आता उरलेलंही गेलं. उघडून बघते तर लिदिया जवळ येऊन नवऱ्याच्या खांद्यावरून "थू, थू, थू" करत होती. त्यांच्याकडेही वाईट नजर काढतात, आणि अशीच. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, पण काम दोघींनी मिळून पुरं केलं. मग लिदिया मटकन बसली आणि हसत सुटली.

ग्रिगोरेंनी चमचा उचलला. "आमच्या गावात हे स्वतःचं स्वतःला खायला मिळत नाही," ते म्हणाले. "मी पहिलाच."

एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. "माझ्या आईनंतर असे गहू कोणी शिजवले नाहीत," म्हणाले, आणि मिशा पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले. तीन वाट्या खीर खाल्ली त्यांनी. लिदिया पर्समधल्या गोळ्या मोजत होती, पण थांबवलं नाही.

जेवण झाल्यावर ते कपाटापाशी गेले आणि चष्मा लावून फोटोखालचं गावाचं नाव वाचलं. मग लिदियाला वाचून दाखवलं, मोठ्यानं. तिनं फ्रेमवरून हात फिरवला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की अविनाशनं नोकरी कशासाठी सोडली होती. इतके दिवस मला वाटत होतं, अक्रोडांसाठी.

"बर्मिंगहॅमला फोन करून सांगतो, येत नाही म्हणून," ग्रिगोरे म्हणाले. "पण एक अट आहे. पाकिटावर फोटो असाच पाहिजे, फुलांसकट."

"अहो, पण..." अविनाश म्हणाला.

"माझा मृत्यू आला, तर हा फोटो बघून त्याला वाटेल की इथलं काम आधीच उरकलंय. परत जाईल बिचारा."

शेवटी मीच फोनवर हार घातलेल्या फ्रेमचा फोटो काढला आणि लेबलही मीच तयार केलं.

आता धंदा बरा चाललाय. बँकेइतका पगार नाही, पण अविनाश सकाळी शीळ घालत उठतो. ग्रिगोरेही ठणठणीत आहेत आणि खपली संपत आली की सांगलीला निरोप पाठवायला लावतात. परवा मी ईलिंग रोडवरच्या एका दुकानात पाकिटं लावत होते. एका मराठी आजींनी पाकीट हातात घेतलं, हारातल्या ग्रिगोरेंकडे बघून चुकचुकल्या आणि दोन पाकिटं पिशवीत टाकली.

"वय काही फार दिसत नाही हो," मला म्हणाल्या. "कशानं गेले?"

"गेले नाहीत, आजी. मजेत आहेत. कालच फोन आला होता."

आजींनी चष्मा नाकावर सारून लेबल पुन्हा नीट पाहिलं.

"मग जित्याजागत्या माणसाच्या फोटोला हार कुठल्या मूर्खानं घातला?"

"काय की बाई," मी म्हटलं, आणि पापड बघायला पलीकडच्या रांगेत गेले.